नाथांची आरती आणि माझं सोवळं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला आपण दत्तमहाराजांची जी आरती म्हणतो, ती एकनाथ महाराजांची. मुळशीत धरणाकाठच्या आमच्या गावी लहानपणापासून मी ती म्हणत आलो. पण ती रचणारे नाथ जगले कसे, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

नाथांचा जन्म पैठणचा, इ. स. १५३३ च्या सुमाराचा. संत भानुदासांचे ते पणतू. आईवडील लवकर गेले, आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. गुरूच्या ओढीनं ते देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी गडाचे अधिकारी आणि थोर दत्तभक्त. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं, दत्ताची उपासना दिली आणि पुढे संसार करायलाच सांगितलं. नाथ पैठणला परतले, गिरिजाबाईंशी विवाह झाला. स्नानसंध्या, पूजा, श्राद्धपक्ष, यातलं त्यांनी काही सोडलं नाही. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे त्यांचे केवढे उपकार!

एकदा घरी श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा वास आला म्हणून दारावरून जाणारी भुकेली माणसं थबकली. त्या काळी ज्यांची सावलीही टाळत, अशी ती माणसं. नाथांनी तेच अन्न त्यांना पोटभर वाढलं आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक करवला. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, असं परंपरा सांगते. नाथांनी श्राद्ध मोडलं नाही, हे लक्षात घ्या. श्राद्ध ज्यासाठी करायचं, ते त्यांनी आधी केलं.

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात मी सोवळ्यानं वाचत बसलो होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. कडेवर पोर घेतलेली एक कातकरी बाई दारात आली, पाणी मागू लागली. अध्याय अर्धा होता, उठायचं नाही असा माझा नेम. मी हातानंच तिला जा म्हटलं. समोर एवढं अथांग धरण, आणि माझ्या दारातून ती तहानलेली गेली.

रात्री आरतीला उभा राहिलो, तर शब्द घशातच अडकले. ज्यांची आरती म्हणतोय, त्यांनी आज काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी वीटभट्टीपर्यंत शोधत गेलो. ती काही भेटली नाही.

नेम पाळला तो माझा धर्म, पण दारात आलेला दत्त मला ओळखता आला नाही. धार्मिक असणं आणि आध्यात्मिक होणं यात अंतर आहे ते एवढंच, उंबरठ्याएवढं.

शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. आम्ही मात्र आजही त्यांच्याकडून शिकतोच आहोत.

सप्ताह मी अजून करतो, सोवळंही आहे. फक्त आसनावर बसण्याआधी ओटीवर भरलेला माठ आणि तांब्या ठेवतो. दार उघडंच असतं.