जोसेफ पॅक्स्टन : कमळाच्या पानाकडून शिकलेला माळी



कमळाचं पान तुम्ही पाहिलंच असेल. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा घरंगळतो. पण ज्या पानावर एखादं लहान मूल उभं राहू शकेल, असं पान पाहिलंय का? असं पान खरोखर असतं बरं का! आज आपण त्या पानाची आणि ते पान उलटून पाहणाऱ्या एका माळ्याची गोष्ट वाचणार आहोत. त्या माळ्याचं नाव सर जोसेफ पॅक्स्टन.

बालपण आणि पहिली नोकरी

जोसेफ पॅक्स्टन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातल्या मिल्टन ब्रायन या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचं, खाणारी तोंडं बरीच. जोसेफ हा सातवा मुलगा. फार शिकायला मिळालं नाही. पंधराव्या वर्षीच तो एका जमीनदाराच्या बागेत हरकाम्या पोरगा म्हणून लागला.

१८२३ मध्ये लंडनजवळ चिझिक येथे हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नव्या बागेत त्याला काम मिळालं. तिथे प्रवेश मिळावा म्हणून त्याने आपलं वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं. हे काही बरोबर केलं नाही, पण शिकायची किती घाई होती ते यावरून कळतं. बागेची जमीन डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकची होती. ड्यूक तिथे फिरायला येत. हा तरुण माळी मन लावून काम करतो आणि विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १८२६ मध्ये त्यांनी आपल्या चॅट्सवर्थ या मोठ्या वाड्याच्या बागेचा मुख्य माळी म्हणून त्याला नेमलं. तेव्हा त्याला तेविसावं वर्ष चालू होतं.

पहिला दिवस ऐका. पहाटे साडेचारला पॅक्स्टन चॅट्सवर्थला पोहोचले. दार उघडायला कोणी जागं नव्हतं. मग काय, फाटकावरून चढून आत! सगळी बाग फिरून पाहिली, कामगार आल्यावर त्यांना कामं वाटून दिली आणि मग वाड्याच्या कारभारीणबाईंकडे नाश्त्याला गेले. तिथे त्यांची भाची सारा भेटली. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. पॅक्स्टन बाहेरगावी असताना बागेचा हिशेब आणि कारभार सारा सांभाळत. पतीच्या मोठेपणात त्यांचा वाटा मोठा आहे.

केळी, कारंजं आणि काचघरं

पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थची बाग जगात गाजवली. मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं एक बुटकं केळीचं झाड त्यांनी उबदार काचघरात वाढवलं. १८३५ मध्ये त्याला केळफूल आलं. ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून त्या केळीला कॅव्हेंडिश हे नाव मिळालं. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन केळी याच कॅव्हेंडिश गटातली! म्हणजे डब्यात केळं असेल त्या दिवशी त्या दूरच्या बागेतलं नाव तुमच्यासोबत शाळेत येतं.

१८४४ मध्ये रशियाचा सम्राट भेटीला येणार म्हणून त्यांनी एक कारंजं बांधलं. डोंगरावर तलाव खोदला आणि नळातून पाणी खाली आणलं. पंप नाही, काही नाही. फक्त उंचीच्या जोरावर पाणी जवळजवळ २९६ फूट वर उडालं. सम्राट मात्र आलाच नाही!

दूरदेशीची झाडं मिळवण्यासाठी माणसंही पाठवली जात. जॉन गिब्सन हा तरुण माळी भारतात आला आणि १८३७ मध्ये कोलकात्याहून व खासी टेकड्यांतून दुर्मीळ झाडं घेऊन परतला. पण १८३८ मध्ये उत्तर अमेरिकेत पाठवलेले दोन तरुण माळी कोलंबिया नदीत बुडून मरण पावले. सुंदर बागेमागे अशी किंमतही असते. आपण ती विसरू नये.

राक्षसी कमळ

आता आपल्या पानाकडे वळूया. १८३७ च्या पहिल्याच दिवशी रॉबर्ट शॉमबर्क या प्रवाशाला दक्षिण अमेरिकेतील गयानामध्ये बर्बिस नदीवर एक अजस्र कमळ दिसलं. राणी व्हिक्टोरियाच्या नावावरून त्याला व्हिक्टोरिया रेजिया म्हणू लागले. आज त्याचं शास्त्रीय नाव व्हिक्टोरिया ॲमेझोनिका आहे. पान थाळीसारखं गोल, कडा वर वळलेल्या. मोठं झालं की आडवं अडीच मीटरच्याही पुढे जातं.

इंग्लंडच्या थंडीत हे कमळ फुलवणार कोण, अशी चुरस लागली. लंडनच्या क्यू उद्यानात बियांपासून रोपं तयार झाली. ऑगस्ट १८४९ मध्ये पॅक्स्टन यांनी तिथून एक रोप आणलं. त्यांनी विचार केला, की हे झाड कुठलं? नदीतलं. नदीचं पाणी कोमट असतं आणि ते वाहतं. मग त्यांनी टाकीचं पाणी गरम ठेवलं आणि त्यात छोटी चाकं फिरवून पाणी हलतं ठेवलं. पानं भराभर वाढली, टाकी अपुरी पडली, ती मोठी करावी लागली. नोव्हेंबर १८४९ मध्ये पहिलं फूल उमललं. क्यूच्याही आधी! हे फूल पहिल्या रात्री पांढरं आणि सुवासिक असतं, दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. पॅक्स्टन स्वतः कळी आणि पान घेऊन राणीला दाखवायला गेले.

पान किती भार पेलतं हे पाहायला त्यांनी आपल्या सात वर्षांच्या मुलीला, ॲनीला, पानावर उभं केलं. पान बुडालं नाही! असं का? पानाच्या खाली जाड शिरा असतात. त्या देठापासून छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतात. त्यांना आडव्या पातळ शिरा जोडलेल्या असतात. शिरांमध्ये हवा भरलेली असते. म्हणून पातळ पान मोठा भार पेलतं.

स्फटिक महाल

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. इमारतीसाठी २४५ आराखडे आले. समितीला एकही पसंत पडला नाही. समितीने स्वतःचा विटांचा आराखडा काढला, तर लोक ओरडले, की ही पाडणार कशी आणि बागेतल्या झाडांचं काय?

जून १८५० मध्ये रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टन यांनी टिपकागदावर एक चित्र काढलं. लोखंड, लाकूड आणि काच यांचं भलंमोठं घर! काही लोक सांगतात, की पान पाहिलं आणि महाल सुचला. तसं नाही, मित्रांनो. त्याआधी सुमारे वीस वर्षं ते काचघरं बांधत होते. घड्या घातल्यासारखं काचेचं छप्पर त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. पानाने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली, की मजबुतीसाठी जाडी लागत नाही, जोडणी नीट लागते. हे समजावताना त्यांनी भाषणात ते पान दाखवलंही. रेल्वेचे अभियंते विल्यम बार्लो यांनी खांब-तुळयांच्या हिशेबात मदत केली.

१८४८ फूट लांबीचा हा महाल वर्षभराच्या आत उभा राहिला. सुमारे तीन लाख काचा लागल्या. सगळे भाग एकाच मापाचे, बाहेर तयार करून आणून जोडायचे. खांब पोकळ, त्यातूनच पावसाचं पाणी खाली जायचं. जुनी उंच झाडं न तोडता आतच ठेवली. १ मे १८५१ रोजी प्रदर्शन सुरू झालं आणि साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. आपल्याकडून गेलेला कोहिनूरही तिथे मांडला होता. माळ्याचा सर जोसेफ झाला. पुढे १८५४ पासून ते खासदारही होते.

अखेर आणि वारसा

८ जून १८६५ रोजी पॅक्स्टन यांचं निधन झालं. चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावी त्यांची समाधी आहे. दुसऱ्या जागी नेलेला स्फटिक महाल १९३६ मध्ये आगीत जळाला. चॅट्सवर्थचं मोठं काचघर १९२० मध्ये पाडलं गेलं.

कमळ मात्र वाढतच आहे. याच कुळातली दुसरी जात व्हिक्टोरिया क्रुझियाना. ती पाराना नदीच्या खोऱ्यातली, थोडी थंडी सोसणारी. १९६१ मध्ये अमेरिकेतील लाँगवुड उद्यानात पॅट्रिक नट यांनी या दोन जातींचा संकर केला. त्याला लाँगवुड संकर म्हणतात. आज अनेक उद्यानांत तो दिसतो. तिसरी जात, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये वेगळी ओळखली. तिचे नमुने वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होते, पण नीट पाहिलं गेलं नव्हतं! आपल्या देशात कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात ही राक्षसी कमळं पाहता येतात.

आपण काय शिकलो?

पॅक्स्टन यांच्याकडे इमारत बांधणीची पदवी नव्हती. पण हातातलं काम ते बारकाईने पाहायचे आणि करून बघायचे. शाळेत मागे पडलेलं मूल कमी बुद्धीचं, असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

करून पाहा : घरामागे अळू किंवा एरंड असेल तर एक पान उलटा. शिरा कुठून निघतात, कुठे जोडल्या आहेत ते पाहून वहीत चित्र काढा. मग एक कागद सपाट आणि एक घड्या घालून दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखा ठेवा. कोणता कागद जास्त नाणी पेलतो? का? उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.