हुंड्यातून उभं राहिलेलं इंजिन

मैत्रिणींनो, आपल्या स्कूटीच्या आरसीवर एक आकडा असतो. कुठे ११० सीसी, कुठे १२५ सीसी. दुकानात हा आकडा बहुतेक वेळा सोबत आलेल्या नवऱ्याला नाहीतर भावाला सांगतात आणि आपल्याला रंग कोणता हवा ते विचारतात! म्हणून आज बर्था बेंझची गोष्ट. जगातल्या पहिल्या मोटारींपैकी एक घेऊन नवऱ्याला न सांगता माहेरी गेलेली ही बाई.

बर्था रिंगर ३ मे १८४९ ला जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी जन्मली. वडील बांधकामाच्या धंद्यातले, घर खाऊनपिऊन सुखी. पण ती जन्मली तेव्हा घरच्या बायबलात वडिलांनी पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहून ठेवली होती, असं सांगतात. (देश बदलला तरी काही गोष्टी बदलत नाहीत.) पुढे तिची गाठ पडली कार्ल बेंझ या इंजिनिअरशी. डोकं अफाट, खिसा रिकामा. मानहाइममधल्या वर्कशॉपात त्याचा एक भागीदार होता आणि त्याच्याशी काही पटेना. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. २० जुलै १८७२ ला लग्न झालं. त्या काळच्या कायद्यानं बायकोच्या पैशावर नवऱ्याचाच ताबा. म्हणजे पैसा तिचा, वर्कशॉप मात्र कागदोपत्री त्याचं.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. एकामागून एक मुलं झाली, हातात पैसा टिकेना, इंजिन काही सुरू होईना. १८७९ चा शेवटचा दिवस. रात्रीचं जेवण झाल्यावर बर्थानेच कार्लला पुन्हा एकदा वर्कशॉपात जाऊन बघू म्हणून उठवलं. त्या रात्री त्याचं टू-स्ट्रोक इंजिन धडधडू लागलं. त्यानंतर त्याने गाडीसाठी फोर-स्ट्रोक इंजिन घडवलं आणि २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकांच्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यावरही नाव एकट्या कार्लचंच.

आता ते इंजिन केवढं होतं, ते आपणच काढून बघू. शेवेचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. बाहेरचं नळकांडं म्हणजे सिलिंडर आणि आत सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. नळकांड्याच्या आतल्या रुंदीला बोर म्हणतात. दट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जितका सरकतो तो स्ट्रोक. सोऱ्या आपण हाताने दाबतो, इथे जळणाऱ्या वायूचा जोर पिस्टनला ढकलतो. पायाच्या शिलाई मशीनचं पायडल वरखाली हलतं आणि दांडीमुळे चाक गोल फिरतं ना, तसाच पिस्टनच्या मागंपुढं होण्यानं क्रँकशाफ्ट फिरतो. दांडी क्रँकशाफ्टच्या मध्यापासून जितकी लांब जोडलेली, त्याच्या दुप्पट स्ट्रोक.

बेंझच्या पहिल्या गाडीचा बोर होता ९० मिलिमीटर, म्हणजे ९ सेंटिमीटर. स्ट्रोक १५ सेंटिमीटर, म्हणजे क्रँकची दांडी मध्यापासून साडेसात सेंटिमीटरवर. बोर निम्मा करा, साडेचार. साडेचार गुणिले साडेचार, २०.२५. त्याला ३.१४१६ ने गुणलं की साधारण ६३.६ येतात, ते झालं पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ. त्याला स्ट्रोकच्या १५ ने गुणा, उत्तर ९५४ घन सेंटिमीटर. हेच सीसी! शाळेत पाण्याच्या टाकीची गणितं केली त्यातलंच हे. फक्त बोर निम्मा करायला विसरू नका, नाहीतर उत्तर चौपट येतं. आणि मिलिमीटरचे सेंटिमीटर आधीच करून घ्या. पिस्टन अगदी वर गेला तरी माथ्यावर जी थोडी जागा उरते, ती यात धरत नाहीत. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर आलेल्या उत्तराला तितक्यांनी गुणायचं. बेंझच्या गाडीला एकच होता.

म्हणजे जवळजवळ एक लिटरचं इंजिन. आणि ताकद? पाऊण अश्वशक्ती! आजची ११० सीसीची स्कूटर सात-आठ अश्वशक्ती देते. हे कसं? फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा-इंधनाचा घोट घेतं. बेंझचं इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेई, म्हणजे २०० घोट. स्कूटर जोरात असताना आठ हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे चार हजार घोट. घोट लहान, पण कितीतरी जास्त. शिवाय आजची इंजिनं तो घोट जास्त दाबून पेटवतात. तेव्हा सीसी म्हणजे ताकद नव्हे, एका घोटाचं माप.

गाडी तयार झाली, पण घेणार कोण? लोक बिचकत होते आणि कार्लला आपला माल खपवता येत नव्हता. हुंडा अडकलेला होता तो बर्थाचा. ऑगस्ट १८८८ मध्ये एके पहाटे कार्ल झोपलेला असताना तिने १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिखार्ड यांना सोबत घेतलं आणि गाडी बाहेर काढली. ही नंतरची, जरा मोठ्या इंजिनाची गाडी. जायचं होतं फोर्झहाइमला, आईकडे. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. तोवर मोटारी गावातल्या गावात फिरवून परत आणत.

वाटेत पेट्रोल पंप कुठला! वीसलोख गावात तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायचं हे द्रव म्हणजेच गाडीचं इंधन. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेचं वेष्टण झिजलं, तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला. पाण्याची तर सारखी तहान, कारण इंजिन थंड ठेवायचं पाणी वाफ होऊन उडून जाई. चढ आला की उतरून ढकलायचं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउश्लॉट गावच्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची ही सुरुवात.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीतून परतलीसुद्धा. आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा हे तिने सांगितलं आणि कार्लने तो बसवला. एवढी लांबची वाट गाडी चालून आली हे लोकांनी पाहिलं, बोलबाला झाला. त्याच वर्षी म्युनिचच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि हळूहळू गिऱ्हाईकंही येऊ लागली.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल ज्या कार्लस्रूहेच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकला होता तिने बर्थाला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे ला, लाडेनबुर्गच्या राहत्या घरी ती गेली.