वृक्षांचा पारखी : मिशेल आदान्साँ

गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. या वृक्षाचे शास्त्रीय नाव आदान्सोनिया डिजिटाटा असे आहे. ज्याच्या सन्मानार्थ ते ठेवले गेले, तो फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे मिशेल आदान्साँ होय. परंतु त्याच्या निरीक्षणशक्तीची कसोटी पाहिली, ती मात्र एका लहानशा काटेरी झाडाने.

आदान्साँचा जन्म 7 एप्रिल 1727 रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स या नगरात झाला. बालपणीच तो पॅरिसला आला. शाळेत त्याने बक्षिसे मिळविली, तेव्हा नीडहॅम नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याला एक सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले, असे सांगतात. ग्रंथांबरोबर सृष्टीचेही वाचन करण्याचा छंद त्याला जडला, तो जन्मभर सुटला नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी एका फ्रेंच व्यापारी कंपनीत कारकुनाची नोकरी पत्करून तो पश्चिम आफ्रिकेस निघाला आणि 1749 मध्ये सेनेगालला पोहोचला. ही कंपनी तेथून डिंक नेई. आणि मानवजातीला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, गुलाम म्हणून माणसेही नेई. युरोपात कापडावर छपाई करण्यासाठी, शाई व औषधे तयार करण्यासाठी या डिंकास मोठी मागणी होती. पण तो देणारी झाडे कोणती व ती कशी ओळखावीत, याचे नेमके ज्ञान युरोपातील पंडितांना नव्हते.

सेनेगालच्या उत्तरेस गवताळ प्रदेश पसरलेला आहे. त्यास सॅव्हाना म्हणतात. उंच गवत, मधूनमधून विखुरलेली ठेंगणी काटेरी झाडे आणि वर्षातील बहुतेक महिने कोरडी हवा, असे त्याचे स्वरूप. उन्हाळ्यात पाने गळाली की ही सारी झाडे परक्या माणसास एकसारखीच भासतात. आदान्साँने येथे दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, तो तेथील लोकांची वोलोफ भाषा शिकला. कारण जे लोक पिढ्यान्‌पिढ्या या झाडांच्या सावलीत वाढले, त्यांनाच त्यांची खरी ओळख, हे त्याने जाणले. दुसरी म्हणजे, तो प्रत्येक झाडाची सर्व अंगे न्याहाळू लागला.

तेथे आपल्या बाभळीचीच जात उगवते. तिचे काटे सरळ असून जोडीजोडीने येतात, फुले पिवळी व गोंड्यासारखी गोल असतात, शेंग माळेतील मण्यांसारखी ठिकठिकाणी आवळलेली असते आणि डिंक तांबूस असतो. शेजारीच दुसरे एक झाड उभे असे. त्यास तेथील लोक वेरेक म्हणत. त्याचे काटे आखूड व वाकडे असून एकाच ठिकाणी तीन-तीन येतात. मधला खाली वळलेला, बाजूचे दोन वर वळलेले. फुले पांढरट व लांबट तुऱ्यांत येतात, शेंग कागदासारखी पातळ व चपटी असते आणि डिंक फिकट रंगाचा असतो. उत्तम प्रतीचा डिंक देणारे झाड ते हेच! फ्रान्सला परतल्यावर त्याने पुढे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसाठी या डिंकवृक्षांवर निबंध लिहिले.

त्या काळी स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस फुलांतील केसरांवरून वनस्पतींचे वर्ग पाडीत असे. परंतु या काटेरी झाडांच्या फुलांत केसर असंख्य. ते मोजून वेरेक आणि बाभूळ निराळी कशी करावीत? एकाच खुणेवर विसंबू नये, मूळ, खोड, पान, फूल, फळ अशा सर्व अंगांची तुलना करावी, असे आदान्साँचे मत बनले. या मतानुसार 1763 मध्ये त्याने वनस्पतींच्या कुलांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने वनस्पतींची 58 कुले मांडली. लिनियसच्या कीर्तीपुढे हा ग्रंथ मागे पडला. तथापि विसाव्या शतकात अनेक लक्षणांची एकत्र तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आदान्साँला आपला पूर्वसूरी मानले.

उतारवयात त्याच्यावर मोठे संकट कोसळले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचे वेतन गेले, प्रयोगांची बागही उद्ध्वस्त झाली. विद्वानांच्या नव्या संस्थेने त्याला सभेस बोलाविले, तेव्हा पायांत घालावयास जोडेही नसल्याने आपणास येता येत नाही, असे त्याने कळविले, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याला निवृत्तिवेतन मिळाले. अभ्यास मात्र त्याने कधी सोडला नाही.

3 ऑगस्ट 1806 रोजी त्याचे निधन झाले. आपल्या शवपेटीवर एकच पुष्पमाला असावी आणि तीत त्या 58 कुलांतील फुले असावीत, अशी त्याची अखेरची इच्छा होती. मुलांनो, माळरानावर एखादे काटेरी झाड दिसले, तर केवळ काटा पाहून त्यास बाभूळ म्हणू नका. काट्यांची ठेवण, पान, फूल आणि शेंग नीट पाहा. जवळच गुरे राखणारा कोणी असेल, तर त्यालाही त्या झाडाचे नाव विचारा. आदान्साँनेही असेच केले होते.