एक लेखक, दोन नावे

नाशिक - कवितेखाली 'कुसुमाग्रज' आणि नाटक, कादंबरी, लघुनिबंध यांखाली 'वि. वा. शिरवाडकर' अशी दोन नावे एकाच साहित्यिकाने वापरली. साहित्यप्रकारांचे भान त्यांच्या स्वाक्षरीतच होते.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजी पुण्यात झाला. मूळ नाव गजानन. काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. बहीण कुसुम हिचा अग्रज, म्हणून कुसुमाग्रज. शिक्षण नाशिकला झाले. १९३२ मध्ये काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात ते सहभागी होते. पुढे काही काळ चित्रपट व वृत्तपत्र क्षेत्रांत त्यांनी काम केले.

१९४२ मध्ये वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने 'विशाखा' प्रकाशित झाला. पारतंत्र्यातील अस्वस्थतेला मोजक्या शब्दांची, लयबद्ध कविता पुरेशी होती. मात्र मुलांच्या घरात परका ठरलेल्या वृद्ध नटाची शोकांतिका सांगण्यासाठी समोरासमोर उभी पात्रे आणि रंगमंच हवा होता. १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. आप्पासाहेब बेलवलकरांच्या स्वगतांत मात्र नाटककाराच्या आड दडलेला कवी पुढे येतो आणि दोन नावांमधील सीमारेषा पुसट होते.

कवी म्हणून घराघरांत पोहोचलेल्या या लेखकाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो या नाटकासाठी. १९८७ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांच्या समग्र साहित्याचा गौरव झाला. १० मार्च १९९९ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा होतो. हा गौरव दोन्ही नावांचा आहे.