समेट घडविणारे नासेर

टपाल खात्यातील एका सामान्य नोकरदाराचा मुलगा केवढी मजल मारू शकतो हे पाहावयाचे असेल, तर इजिप्तचे गमाल अब्दुल नासेर यांचे चरित्र वाचा. १५ जानेवारी १९१८ रोजी अलेक्झांड्रियात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपले. पुढे लष्करात शिरून १९५२ ची क्रांती त्यांनी घडविली व १९५६ साली सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले.

टिटो व नासेर यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला २५ अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तेथे मतभेद उफाळले. सुकार्नोंना वसाहतवादाविरुद्धचा लढा अग्रभागी हवा होता. नेहरूंना महायुद्ध टाळणे अधिक निकडीचे वाटत होते. अखेर दोन्ही विषयांना स्थान मिळाले. शांततेचे आवाहन घेऊन नेहरू व एन्क्रुमा मॉस्कोला, तर सुकार्नो व मोदिबो केइटा वॉशिंग्टनला गेले. १९६४ ची दुसरी परिषद नासेर यांच्याच कैरोत झाली.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. विरोधकांना त्यांनी तुरुंगात टाकले. १९६७ च्या युद्धात दारुण पराभव पत्करावा लागला. तरीही सप्टेंबर १९७० मध्ये एकमेकांशी लढणारे जॉर्डनचे राजे हुसेन व यासर अराफात यांना त्यांनी कैरोत एकत्र बसविले व युद्धबंदी घडविली. दुसऱ्याच दिवशी, २८ सप्टेंबरला, हृदयविकाराने ते पैगंबरवासी झाले.

पालकहो, घरात आणि जमातीत मतभेद व्हायचेच. भांडणाऱ्यांना एका सतरंजीवर बसविणारी मुले आपल्या हातून घडोत.