सासवण्याचे शिल्पकार करमरकर

सुपा धरणाच्या पाण्यात जुने सुपा गाव गेले. तेव्हापासून कुणाचे घर-अंगण जसेच्या तसे राहिले असे ऐकले, की आम्हा जोयड्याच्या माणसांचे कान टवकारतात.

असे एक अंगण अलिबागजवळ सासवण्यात आहे. विनायक पांडुरंग करमरकर 1891 साली तिथेच जन्मले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवरायांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे कलकत्ता, लंडन आणि 1928 साली पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा.

एवढे नाव झाले तरी ओढ सासवण्याचीच. आम्हाला त्यांच्या राजेमहाराजांपेक्षा कोळीण आणि म्हैस जास्त भावतात. म्हैस तर सिमेंटची, पण नवखा पाहुणा हमखास फसतो!

1967 साली ते गेले. घरच्यांनी शिल्पे विकून वाटली नाहीत. घर आणि अंगणासकट त्यांचे शिल्पालय केले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सिमेंट जपायचे म्हणजे कायमची राखण. गणपती उरकून कुणी अलिबागेस गेलात, तर सासवण्याला जरूर उतरा.