कागलचे हिंदुराव, दिल्लीचे हिंदुराव

दिल्लीच्या उत्तरेकडच्या टेकडीवर महापालिकेचे एक मोठे रुग्णालय आहे, 'हिंदुराव' नावाचे. दिल्लीकराला ते नाव तोंडपाठ असते. पण हे हिंदुराव म्हणजे आपल्या कागलचे घाटगे, असे मी सांगितले की तिकडची मराठी माणसेसुद्धा चमकतात. आपल्याकडे तरी किती जणांना ते ठाऊक आहे?

हिंदुराव हे सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेरावांचे चिरंजीव. सर्जेरावांचे नाव काढले की पुणेकर आजही कपाळाला आठ्या घालतात, आणि ते योग्यच आहे. १७९८ मध्ये त्यांनी आपली कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली, शिंद्यांची दिवाणगिरी मिळवली आणि पैशासाठी पुण्यातल्या सावकारांचे अतोनात हाल केले. १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीत ते मारले गेले. बापाची ही अपकीर्ती आणि बहिणीचे वैभव, अशी दुहेरी शिदोरी घेऊन हिंदुराव ग्वाल्हेरच्या दरबारात वाढले.

कागलची जहागीर मात्र इकडेच होती, आणि कोल्हापूरच्या गादीशी तिचे काही धड नव्हते. १८२६ च्या तहात कंपनी सरकारने छत्रपती बुवासाहेब महाराजांकडून एक कलम कबूल करून घेतले: कागलकर हिंदुराव घाटगे आणि इचलकरंजीकर नारायणराव घोरपडे यांच्या हक्कांना त्यांनी धक्का लावायचा नाही. यात ग्वाल्हेरचे वजन कामी आले असावे, असा माझा तर्क आहे. गंमत पाहा, ज्या गादीपासून कागलकरांना असे संरक्षण लागले, त्याच गादीवर अठ्ठावन्न वर्षांनी, १८८४ मध्ये, कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक गेला. तेच राजर्षी शाहू महाराज.

१८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी मुकुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव जनकोजी ठेवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. हिंदुराव हा त्यांचा उजवा हात. बाई मोठ्या कर्तबगार. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप त्यांनीच बांधला. पण सत्ता सोडायची वेळ आली तेव्हा त्या सोडवेना. जनकोजी मोठे झाले, आपला हक्क मागू लागले, आणि १८३३ मध्ये फौज त्यांच्या बाजूने उठली. इंग्रजांनी हात झटकले. बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. भावाने बहिणीला वेळीच दोन शब्द सांगायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते. पण बहिणीच्या सत्तेवरच भावाची सत्ता उभी होती.

हिंदुरावांनी मग दिल्ली गाठली. टेकडीवरचा बंगला विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. मार्च १८३५ मध्ये फ्रेझरचा गोळी घालून खून झाला आणि त्यासाठी फिरोजपूर झिरक्याचे नवाब शमसुद्दीन फासावर गेले. (शायर दाग देहलवी हे या नवाबांचे पुत्र.) तो बंगला हिंदुरावांनी विकत घेतला. राज्य गेले, फौज गेली. पण आदरातिथ्यात कसूर नव्हती. दिल्लीतल्या साहेबलोकांची तिथे सारखी ये-जा असे. तलवारीचा माणूस यजमान होऊन बसला. फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ तेव्हा जवळच तुकडे होऊन पडला होता. तो जोडून उभा केला गेला तो पुढे.

सत्तावन्न उजाडण्याआधीच हिंदुराव वारले होते. जूनमध्ये इंग्रजांनी टेकडी धरली आणि हाच बंगला त्यांच्या फळीचा मुख्य नाका झाला. मेजर रीडच्या गुरख्यांनी तो सप्टेंबरपर्यंत लढवला. ४९० जणांतले ३२७ ठार वा जखमी झाले. तोफगोळ्यांनी भिंतींची चाळण झाली. १८५८ मध्ये बिआटो नावाच्या छायाचित्रकाराने त्या भग्न बंगल्याचे चित्र घेतले. इंग्रजांच्या युद्धवृत्तांतांत पानोपानी या बंगल्याचा उल्लेख येतो, तो 'हिंदुरावाचा वाडा' म्हणून. मालक कोण, कुठला, हे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेले असते.